पोकरच्या टेबलावर समोरच्याला वाचायचं कसं? चेहरा, हात, वेळ की आणखी काही?

कोलशेत_रोड

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात शनिवारी रात्री कॅरमच्या शेजारी पोकरचं टेबल मांडणारे बरेच गट आहेत, तिकडे खारघर-नेरूळलाही आहेत. हा धागा अशा घरगुती टेबलासाठी आहे. पैसे अजिबात नाहीत, नुसत्या चिप्स. टेक्सस होल्डेम (हातात प्रत्येकी दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच), सात-आठ जण, प्रत्येकाला २००० चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) १०-२०.

कोणते हात (म्हणजे हातात आलेले पत्ते) खेळायचे, कोणते टाकायचे, हे वाचून शिकता येतं. पण समोरच्याच्या वागण्यातून त्याच्या पत्त्यांचा अंदाज कसा घ्यायचा, याबद्दल जे ऐकायला मिळतं ते एकमेकांशी जुळत नाही. कोणी म्हणतं डोळे बघा, कोणी म्हणतं हात. हात थरथरले तर ब्लफ, असं एक जण छातीठोकपणे सांगतो आणि दुसरा बरोबर उलटं. तर:

नक्की काय बघायचं? कधी बघायचं? आणि जे दिसलं त्यावर किती विसंबायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

किलवर_गुलाम

तिन्हींतला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच कुणी विचारत नाही. आधी त्याचंच उत्तर देतो.

फ्लॉपचे, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते उघडतात तेव्हा टेबलावरचे सगळे पत्त्यांकडे बघत असतात. तुम्ही त्या क्षणी माणसांकडे बघा. पत्ते कुठे पळून जात नाहीत, दहा सेकंदांनी पाहिले तरी तेच असतात. माणसाची पहिली प्रतिक्रिया मात्र एक-दोन सेकंदांत विरून जाते.

हातातल्या दोन पत्त्यांचंही तसंच. पत्ते वाटले की लगेच उचलून बघायची घाई करू नका. आपली पाळी येईपर्यंत ते पालथे राहू द्या आणि तोवर बाकीचे आपापले पत्ते कसे बघतात ते टिपा. यात दुहेरी फायदा आहे. इतरांचं दिसतं, आणि तुम्ही पत्ते पाहिलेलेच नसल्यामुळे पाळीआधी तुमच्याकडून काही फुटत नाही.

पामबीच

+१. त्यात एक भर: सगळ्यांकडे एकदम बघता येत नाही. फ्लॉप उघडताना एकच माणूस निवडायचा, जो तुमच्यानंतर खेळणार आहे आणि ज्याच्याशी हा डाव लढवावा लागणार असं वाटतं तो.

इस्पिक_राणी

चेहऱ्याचं महत्त्व लोक फार वाढवून सांगतात. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचं २०१३ सालचं संशोधन आहे. व्यावसायिक खेळाडू चिप्स पुढे सरकवतानाच्या चित्रफिती त्यांनी सामान्य लोकांना दाखवल्या. काहींना फक्त चेहरा, काहींना कमरेवरचा सगळा भाग, काहींना फक्त हात. फक्त चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षाही वाईट निघाले. कमरेवरचा भाग पाहणारे साधारण नाण्याइतकेच. ज्यांना फक्त हात दिसत होते, त्यांचे अंदाज मात्र योगायोगापेक्षा चांगले आले.

कारण सरळ आहे. चेहरा लपवायचा असतो हे लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून सगळं लक्ष तिथे लागतं. खांद्यापासून बोटांपर्यंतचा भाग मोकळा राहतो. चांगला हात असलेला माणूस चिप्स उचलतो, पुढे नेतो आणि ठेवतो, हे तिन्ही एका लयीत होतं. मनात धाकधूक असेल तर मध्ये कुठेतरी खंड पडतो. चिप्स उचलून परत मोजतो, ढीग पुढे नेताना वेग कमी होतो, किंवा नको तितक्या जोरात आपटतो.

कळवा_नाका

हाताचं मान्य, पण थरथरण्याचं काय? मूळ प्रश्नात तेच आहे. थरथरला म्हणजे घाबरला, घाबरला म्हणजे ब्लफ. यात चूक काय?

किलवर_गुलाम

@कळवा_नाका, चूक अशी की थरथर बहुतेक वेळा भीतीतून येत नाही, ताण सुटल्यावर येते. ब्लफ करणारा माणूस स्वतःला आवळून धरतो. श्वास उथळ होतो, मान आणि खांदे जागच्या जागी राहतात, पापण्याही कमी लवतात. ज्याला फार मोठा हात लागलाय त्याला लपवायची धडपड कमी आणि उत्तेजना जास्त असते, म्हणून चिप्स ठेवताना बोटं हलतात. आधी शांत बसलेल्या माणसाचा हात मोठी बेट लावताना, म्हणजे डावावर चिप्स लावताना, अचानक कापायला लागला, तर आपला मधला (ना फार चांगला, ना वाईट) हात टाकून द्या.

पण 'आधी शांत बसलेल्या' हे शब्द सोडू नका. तीन अपवाद आहेत. एक, ज्यांचा हात मुळातच कापतो. वय, औषधं, तीन कप कडक चहा, काहीही कारण असेल. दोन, अगदी नवा खेळाडू, त्याचा हात पहिल्या तासात प्रत्येक बेटला कापतो. तीन, त्या रात्रीचा सगळ्यात मोठा पॉट (डावात मधोमध जमलेल्या चिप्स). तिथे कुणाचाही कापू शकतो.

वाशी_सेक्टर१७

म्हणजे आधी त्या माणसाचं रोजचं वागणं कळलं पाहिजे. इथेच बहुतेकांची गाडी अडते. खुणांची यादी पाठ करून येतात आणि पहिल्याच डावापासून लावायला लागतात.

पहिली ४०-४५ मिनिटं कुणाला वाचायचं नाही, फक्त नोंद करायची. मांडी हलवत बसायची सवय कुणाला आहे? चिप्स बोटांत कोण फिरवतं? बोलका कोण, गप्प कोण? पत्ते किती वेळा उचलून बघतो? पाळी आली की साधारण किती सेकंद घेतो? हे त्याचं नेहमीचं. खूण म्हणजे या नेहमीच्या वागण्यातला बदल. सतत मांडी हलवणाऱ्याची मांडी थांबली ही खूण आहे. कधीच न हलवणाऱ्याची हलायला लागली ही पण खूण आहे. नुसती हलणारी मांडी काहीच सांगत नाही.

(मांडी टेबलाखाली असते, ती बघायला वाकू नका. शर्टाची बाही आणि खांदा बघा, वरपर्यंत हादरे येतात.)

नेरूळकर_मावशी

वाशीकरांचं अगदी पटलं. आपल्या घरांतली एक गोष्ट त्यात धरा. परदेशी व्हिडिओंत सांगतात की तुमच्याकडे रोखून बघणारा बहुधा कमजोर असतो आणि नजर टाळणारा मजबूत. ते टेबलावरच्या समवयस्कांसाठी ठीक आहे. पण काका, सासरे, आतेभाऊ, भाचा असे एकाच टेबलावर बसले की वीस वर्षांचा भाचा काकांच्या डोळ्याला डोळा लावतच नाही, हातात काहीही असो. त्याची नजर टाळणं वाचायला गेलात तर दरवेळी फसाल. त्याच भाच्याने समवयस्क भावाकडे बघणं बंद केलं तर ते वेगळं.

आणि घामावरून काही ठरवू नका. मे महिन्यात ठाणे काय आणि नेरूळ काय, पंख्याखाली बसलेल्या सगळ्यांनाच घाम येतो.

घोडबंदरकर

मला हा सगळा प्रकार जरा अति वाटतो. सात-आठ मित्र पत्ते खेळतायत, त्यात कुणाची पापणी किती वेळा लवली हे कोण बघणार? बेट किती लावली, कुठल्या जागेवरून लावली, आधीच्या फेरीत काय केलं, यातून नव्वद टक्के माहिती मिळते.

इस्पिक_राणी

@घोडबंदरकर, टक्केवारी सोडली तर सहमत. बेटचा आकार हीसुद्धा वागणूकच आहे, आणि सगळ्यात भरवशाची. घरगुती टेबलांवर हे फार दिसतं: पॉट ३०० असताना ८०-१०० ची छोटी बेट म्हणजे मधला हात, स्वस्तात पुढचा पत्ता बघायचाय. दोन-तृतीयांशच्या आसपास, म्हणजे २०० लावली तर खरी जोडी किंवा त्याहून चांगलं. आणि पॉटपेक्षा मोठी, ४००-५००, तर एकतर अगदी पक्का हात किंवा पूर्ण ब्लफ, मधलं काही नाही. पापण्या बघायच्या त्या या शेवटच्या प्रकारात. बेटचा आकार प्रश्न दोन शक्यतांवर आणून ठेवतो, आणि त्या दोनांतून निवडायला हात, श्वास आणि वेळ उपयोगी पडतात.

मेंढीकोट

वेळेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक असतं. उतारी झालेल्या रंगाचं एकच पान हातात असलं की माणूस ते झटकन टाकतो, कारण निवड नसते. दोन-तीन असली की थांबतो, दश्शी वाचवायची का हुकूम लावायचा हा विचार चालतो. ट्रान्स हार्बरच्या गाडीत ठाणे ते वाशी असा डाव नुसता बघत उभे राहिलात तरी हे दिसेल.

पोकरमध्ये तेच तत्त्व. कुणी बेट लावली आणि पुढच्याने क्षणात कॉल केला (तेवढ्याच चिप्स घातल्या), तर त्याने रेझचा, म्हणजे बेट वाढवण्याचा, विचारच केलेला नाही. हात फार चांगला असता तर 'रेझ करू का, किती करू' यात दोन-चार सेकंद गेली असती. अगदी वाईट असता तर टाकला असता. म्हणजे झटपट कॉल हा मधल्या हाताचा किंवा ड्रॉचा: चार इस्पिक झाले आहेत, पाचव्याची वाट बघतोय. नऊ पत्ते त्याच्या उपयोगाचे असतात, फ्लॉपवरून दोन पत्त्यांत साधारण ३५ टक्के, एका पत्त्यात १९. पुढचा पत्ता इस्पिक नसेल तर जोरात बेट लावा.

रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर उलट. बराच विचार करून, उसासा टाकून केलेली रेझ. नवशिक्यांची ही बहुतेक वेळा खरी असते.

कळवा_नाका

उसाशाचं का? उसासा तर वाईट पत्त्याचा ना?

मेंढीकोट

खऱ्या वाईट पत्त्यांचा माणूस उसासा टाकून पत्ते टाकतो. उसासा टाकून चिप्स पुढे सरकवल्या तर कृती आणि अभिनय जुळत नाहीत, आणि दोन्ही जुळत नसतील तेव्हा चिप्सवर विश्वास ठेवायचा. "चला, बघू या काय होतं ते", खांदे उडवणं, "आता आलोच आहे तर" हे सगळं त्याच जातीचं. बोलून कमजोरी दाखवतोय आणि पैज मोठी लावतोय: मजबूत. मोठ्याने चिप्स आपटून, पाठ ताठ करून तुमच्याकडे बघतोय: तुम्ही टाकावं अशी इच्छा आहे.

पामबीच

सगळ्यांच्या उपयोगाची, सोपी आणि दर डावाला मिळणारी माहिती अजून कुणी लिहिली नाही. ती डावीकडे असते.

उजवीकडचे तुमच्याआधी खेळलेले असतात, त्यांनी काय केलं ते दिसलंच. डावीकडचे तुमच्यानंतर खेळणार. त्यांनी पत्ते बघून झाले की हात बघा. टाकायचं ठरवलेला माणूस पत्ते हातातच धरून ठेवतो, दोन बोटांत, टेबलाच्या मध्याकडे कललेले, कधी एकदा पाळी येते असे. खेळायचं ठरवलेला ते खाली ठेवतो, वर एखादी चिप ठेवतो, बसण्याची जागा सावरतो, चिप्सकडे एक ओझरती नजर टाकतो. ही ओझरती नजर फ्लॉपनंतरही चालते. पत्ते बघून लगेच स्वतःच्या चिप्सकडे नजर जाणं म्हणजे काहीतरी लागलंय, मन बेट मोजायला लागलंय. फ्लॉपकडे बराच वेळ टक लावून बसलाय तो बहुधा काही लागलंय का ते शोधतोय. तीनपैकी साधारण दोन वेळा फ्लॉपमध्ये जोडी लागत नाही हे लक्षात ठेवा.

डावीकडचे दोघे टाकणार हे कळलं की डीलर बटणाच्या (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणाऱ्याच्या जागेच्या) दोन जागा अलीकडून खेळलात तरी जवळजवळ बटणावरून खेळल्यासारखं होतं. मग राजा-नव्वीसारखा एरवी टाकण्याजोगा हातही रेझ करता येतो. यासाठी चेहरा वाचायची गरज नाही, नुसती मान डावीकडे वळवायची.

नव्वीची_जोडी

हे सोन्यासारखं आहे, पामबीच. धन्यवाद.

वाशी_सेक्टर१७

आणखी एक खूप भरवशाची: एकाच रंगाचा तिसरा पत्ता टेबलावर आल्यावर हातातले पत्ते पुन्हा उचलून बघणं. दोन बदाम हातात आले असते तर माणूस विसरला नसता, ते लक्षात राहतात. 'राजा काळा, अठ्ठी लाल' इतकंच आठवतं तेव्हा पुन्हा बघावं लागतं, लाल म्हणजे बदाम की चौकट? म्हणजे त्याच्याकडे त्या रंगाचा जास्तीत जास्त एक पत्ता आहे. फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) झालेला नाही. तिथे बेट लावायला घाबरू नका. मात्र तो एक पत्ता एक्का असू शकतो, आणि चौथा बदाम आला तर सगळं उलटतं.

अनुभवी माणूस हे मुद्दाम करून दाखवतो. म्हणून नवशिक्यावर वापरा, मुरलेल्यावर नाही.

घोडबंदरकर

थोडं विषयांतर. आमच्याकडे सगळे तीन पत्तीवर वाढलेले. तिथे तर वाचण्यावरच सगळा खेळ चालतो असं मानतात. मग तीन पत्तीतला जाणकार पोकरमध्ये का चुकतो?

इस्पिक_राणी

चांगला प्रश्न. तीन पत्तीत एकूण २२,१०० हात होतात आणि त्यातले १६,४४० नुसते उंच पत्त्याचे, म्हणजे ७४ टक्के हातांत जोडीसुद्धा नाही. जोडी १७ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे 'समोरचा पोकळ आहे' हा अंदाज न बघताही चारपैकी तीनदा बरोबर येतो आणि माणसाला वाटतं आपण चेहरा वाचला.

दुसरं, तिथे माहिती एकदाच येते, पत्ते उचलल्यावर. आणि जो ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता खेळतोय त्याला वाचण्यात काही अर्थच नाही, त्याला स्वतःलाच माहीत नाही. पोकरमध्ये चार वेळा माहिती येते: हातातले दोन, फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर. दर वेळी चित्र बदलतं. फ्लॉपवर खरोखर खूश झालेला माणूस टर्नवर हरलेला असू शकतो. तीन पत्तीवाला फ्लॉपवरची खूण पकडतो आणि तीच शेवटपर्यंत धरून बसतो, चूक तिथे होते.

कळवा_नाका

कायद्याचं कुणी सांगेल का? क्लबहाउसमध्ये चालतं का हे?

नेरूळकर_मावशी

थोडक्यात लिहिते, धागा तिकडे नेऊ नका. महाराष्ट्रात जुगाराला १८८७ चा कायदा लागू आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. पोकरबाबत उच्च न्यायालयांचं एकमत नाही, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ चा केंद्राचा बंदीचा कायदा आहे. म्हणून क्लबहाउसमध्ये पैसा, पैशाच्या बदल्यात चिप, बक्षिसाचं पाकीट, यातलं काहीच नको. नुसत्या चिप्स आणि शेवटी चहा-वडापाव.

नव्वीची_जोडी

ब्लफ ओळखायचा सराव घरच्या घरी कसा करायचा? दर आठवड्याला टेबल जमत नाही.

मेंढीकोट

'चॅलेंज' खेळा. तोच आपला लहानपणीचा, पत्ते पालथे ठेवून "तीन राण्या" म्हणायचं आणि कुणाला खोटं वाटलं तर चॅलेंज करायचं. चौघं-पाच जण, एक कॅट, वीस मिनिटांत पन्नास-साठ वेळा खरं-खोटं ठरवायची संधी मिळते आणि प्रत्येक चॅलेंजला पत्ते उघडून उत्तर तिथल्या तिथे कळतं. पोकरमध्ये तासाला जेमतेम २५-३० डाव होतात आणि पत्ते उघडेपर्यंत जातात असे थोडेच. आकडा बोलताना आवाज, पत्ते ठेवताना बोटं, ठेवल्यावर नजर कुठे जाते, एवढं बघा.

संख्याशास्त्र

इतका वेळ वाचत होतो. धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न, किती विसंबायचं, तसाच राहिलाय. त्याला हिशोब आहे, तो मांडतो.

रिव्हरवर पॉट ४००. समोरच्याने २०० लावले. तुम्हाला २०० घालून एकूण ८०० च्या पॉटसाठी लढायचंय, म्हणजे चारपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरी. लागणारी शक्यता २५ टक्के.

आता कुठलीही खूण न बघता, त्याच्या आधीच्या खेळावरून, हा ब्लफ असण्याची शक्यता तुम्ही २० टक्के धरलीत. म्हणजे ब्लफ आणि खरा हात यांचं प्रमाण १ ला ४. २५ पेक्षा कमी, तर टाकायचा.

मग एक खूण दिसली. समजा तो एकदम निश्चल झाला, आणि तुमच्या नोंदींवरून हा माणूस ब्लफ करताना जितक्या वेळा असा गोठतो त्याच्या निम्म्याच वेळा खऱ्या हाताला गोठतो. म्हणजे खूण दुप्पट वजनाची. १ ला ४ चं झालं २ ला ४, म्हणजे सहापैकी दोन, ३३ टक्के. २५ च्या वर गेलं. कॉल.

तीच खूण, तोच माणूस, पण समजा मुळात तो सहसा ब्लफ करतच नाही. शक्यता ५ टक्के, म्हणजे १ ला १९. दुप्पट केली तर २ ला १९, साडेनऊ टक्के. अजूनही टाकायचा.

खूण खरी होती, वाचनही बरोबर होतं, तरी निर्णय वेगळा. खूण म्हणजे तराजूतलं छोटं वजन. पारडी जवळजवळ समान असतील तेव्हाच ती ते झुकवते. गोठलेला माणूस पाहिला की कॉल करणारे या दुसऱ्या प्रकारात चिप्स घालवतात आणि मग म्हणतात देहबोली वगैरे सगळं थोतांड आहे.

किलवर_गुलाम

अप्रतिम. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

घोडबंदरकर

@संख्याशास्त्र, माझा विरोध मागे घेतो. पण 'दुप्पट' हे आणायचं कुठून?

संख्याशास्त्र

वहीतून. फक्त त्याच डावांची नोंद करायची ज्यात शेवटी पत्ते उघडले. न उघडलेल्या डावात तुम्ही बरोबर होता की चूक हे कधीच कळत नाही, आणि मन आपल्याच बाजूने निकाल लावतं. प्रत्येक माणसाला एक पान. चार गोष्टी: कोणती फेरी, काय दिसलं, बेट किती, पत्ते काय निघाले. 'घाबरला वाटला' असं लिहू नका. 'बेटनंतर गप्प, चिप्स फिरवणं थांबलं' असं लिहा. भावना लिहिली की पुढच्या वेळी तीच शोधाल, हालचाल लिहिली तर ताळा करता येतो.

एकाच माणसाची एकच खूण पाच-सहा उघड्या पत्त्यांशी जुळली की तिला वजन द्यायला सुरुवात करा. दोनदा जुळणं काहीच नाही. आणि वही टेबलावर उघडायची नाही, डाव संपल्यावर घरी जाऊन लिहायची.

इस्पिक_राणी

वाचन बरोबर असून निर्णय चुकल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीतलं आहे. ख्रिस मनीमेकर विरुद्ध सॅमी फराह. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. टर्नपर्यंत त्याचा फ्लशही होऊ शकत होता आणि स्ट्रेटही (ओळीने पाच पत्ते), रिव्हरवर बदाम तिर्री आली आणि दोन्ही हुकले. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, गॉगल लावून निश्चल बसला. फराहकडे नव्वीची जोडी होती, टेबलावरच्या सगळ्यात उंच पत्त्याची. फ्लश हुकला वाटतं, असं तो बोलूनही गेला. म्हणजे शक्यता त्याच्या डोक्यात आली होती. तरी पत्ते टाकले. त्या गोठण्याला थोडंसं वजन दिलं असतं तर कदाचित तो कॉल झाला असता.

नव्वीची_जोडी

माझ्या नावाला जागणारं उदाहरण. :)

आता उलट बाजू. स्वतःच्या खुणा कशा बंद करायच्या? गॉगल, टोपी, हूडी?

पामबीच

गॉगलने नजर झाकली जाते, हात उघडेच राहतात. क्लबहाउसच्या ट्यूबलाइटमध्ये स्वतःचेच पत्ते नीट दिसत नाहीत ते वेगळं. पुतळा होऊन बसण्याचा प्रयत्नही करू नका, तासभरात मान दुखते, आणि जेव्हा मोठा हात येतो तेव्हा नेमके सैल होता.

त्यापेक्षा ठरलेली पद्धत ठेवा. पाळी आली की पत्ते एकदाच बघायचे, कोपरा उचलून, दोन्ही हातांच्या आडोशात. रंग आणि आकडा मनात दोनदा म्हणायचा म्हणजे पुन्हा बघावं लागत नाही. पत्त्यांवर एक चिप ठेवायची, दरवेळी, टाकायचे असले तरी. मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच हालचाल. दुर्री-सत्ती असो की एक्क्यांची जोडी, पाच म्हणजे पाच. बेट उजव्या हाताने, एका हालचालीत, आकडा तोंडाने बोलून. मग हात टेबलाच्या कडेवर एका ठरलेल्या जागी आणि नजर पॉटवर. कुणी काही विचारलं तर उत्तर नाही, किंवा दरवेळी तेच एक वाक्य.

एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते. उरलेल्या २२० डावांत ही सवय लागलेली असते, म्हणून त्या एकात काही फुटत नाही.

वाशी_सेक्टर१७

यासाठी टेबलाचे नियमही नीट हवेत. बेट एका हालचालीत किंवा आकडा बोलून. आधी थोड्या चिप्स ठेवून समोरच्याचा चेहरा बघून आणखी घालणं चालणार नाही. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल. पाळी नसताना टाकायचं किंवा लावायचं सोंग करायचं नाही. डावात नसलेल्याने चालू डावाबद्दल बोलायचं नाही. हे चार नियम असले की सगळ्यांच्या हालचाली सारख्या साच्यात येतात आणि मग जो खरा फरक असतो तो उठून दिसतो.

नेरूळकर_मावशी

आणि पकडलेली खूण त्या माणसाला तोंडावर सांगू नका. "तू मांडी थांबवलीस तेव्हाच कळलं मला" हे वाक्य फार महागात पडतं. तो सुधारतो, बाकीचे सगळेही ऐकतात. शिवाय कुणाचा हात आजारपणामुळे कापत असेल तर तो विषय टेबलावर निघता कामा नये. तेवढी माणुसकी कुठल्याही पॉटपेक्षा मोठी.

कोलशेत_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. कधी बघायचं ते पामबीच आणि गुलाम यांच्याकडून, काय बघायचं ते राणी, वाशीकर आणि मेंढीकोट यांच्याकडून, आणि किती विसंबायचं ते संख्याशास्त्रांच्या तराजूतून.

एकच शंका राहिली. डावीकडचा खेळाडू, माझी पाळी चालू असतानाच, मी बेट लावायला चिप्सकडे हात नेला की तोही लगेच चिप्स उचलून तयारीत धरतो. हे काय समजायचं? मला वाटतं मजबूत.

किलवर_गुलाम

बहुतेक वेळा उलट. खरोखर मोठा हात असेल तर तुम्ही बेट लावावी हीच त्याची इच्छा असणार, मग तो तुम्हाला बिचकवेल कशाला? गप्प बसेल, तुमच्याकडे बघणारही नाही. चिप्स उचलून दाखवणारा तुम्ही चेक करावं (बेट न लावता पाळी पुढे द्यावी) म्हणून दाखवतो. मधली जोडी किंवा ड्रॉ, पुढचा पत्ता फुकटात हवाय.

ताळा असा करा. तुमचा हात बेट लावण्याजोगा असेल तर ठरवलेली बेट लावाच, पॉटच्या दोन-तृतीयांश. त्याने उचललेल्या चिप्स खाली ठेवून विचार सुरू केला तर अंदाज बरोबर. त्याच चिप्स न मोजता टाकून रेझ केली तर हा माणूस अपवादातला, वहीत त्याच्या पानावर तसं लिहा.

पामबीच

आणि चिप्स कुठल्या हाताने उचलतो ते बघा. सवयीच्या हाताने मोजून, नेमक्या आकड्याच्या उचलल्या असतील तर तो खरंच कॉल करणार आहे. मूठभर, न मोजता, हवेत धरलेल्या असतील तर गुलाम म्हणतात तेच.

कोलशेत_रोड

मूठभरच असतात. शनिवारी दोन-तृतीयांश लावून बघतो आणि पत्ते उघडले तर इथे लिहितो.